सिमेंटच्या जमिनीतून कुत्र्या-मांजराच्या शूचा वास परत परत येतोय? मग हे करून बघा

प्रॉब्लेम जवळजवळ सगळ्यांचा सारखाच असतो. जमीन घासून धुतली, भरपूर फिनाईल टाकलं, खिडक्या उघड्या ठेवल्या, वास गेला, सगळे खूश. मग हवा जरा दमट होते किंवा कुणीतरी ओल्या फडक्याने जमीन पुसतं आणि तोच वास परत, कधी कधी आधीपेक्षा जास्त. मग परत फिनाईल, परत घासणं, आणि हे महिनोन्महिने चालू राहतं. शेवटी माणूस वैतागून त्या बिचाऱ्या जनावराला ओरडायला लागतो, आणि त्याने तर त्या जागी कित्येक दिवसांत काही केलेलंही नसतं.

हे का होतं ते आधी समजून घ्या, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. कोबा असो, साधी सिमेंट काँक्रीटची जमीन असो, दिसायला कितीही टणक असली तरी आतून ती बारीक बारीक छिद्रांनी भरलेली असते. पातळ काहीही सांडलं की ते त्या छिद्रांतून खाली ओढलं जातं. शू तर कोमट असते, पातळ असते, ती पसरते कमी आणि मुरते जास्त. तुम्हाला वर वाटीएवढा डाग दिसतो, आत तो बशीएवढा झालेला असतो. मग पाणी उडून जातं आणि बाकीचं सगळं आतच बसतं: युरिया, क्षार, थोडं युरिक अ‍ॅसिड, प्रोटीन. युरियावर बॅक्टेरिया काम करतात आणि त्यातून अमोनिया निघतो, तो डोळ्यांत जाणारा झणझणीत वास त्याचा. आत राहिलेले क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, ओलावा मिळाला की बॅक्टेरिया परत कामाला लागतात, आणि तुम्हाला वाटतं वास परत आला. तो गेलेलाच नसतो, फक्त कोरडा पडलेला असतो.

मांजराचं प्रकरण अजून अवघड. मांजराची लघवी मुळातच खूप घट्ट असते आणि त्यात फेलिनीन नावाचा एक पदार्थ असतो, बोक्यात तर खूपच जास्त. हा फेलिनीन हळूहळू तुटतो आणि त्यातून गंधक असलेले पदार्थ तयार होतात, बोक्याने फवारा मारलेल्या जागेचा तो खास वास तोच. ताजं असताना एवढं जाणवत नाही आणि जुनं झालं की जास्त येतं त्याचं कारण हेच.

म्हणजे मुद्दा एवढाच की वास जमिनीवर नाहीये, जमिनीच्या आत आहे. शू जिथपर्यंत गेली तिथपर्यंत औषध जायला हवं, तिथे ते पुरेसा वेळ ओलं राहायला हवं आणि नंतर आतली घाण बाहेर ओढून काढायला हवी. वरवर पुसून यातलं काहीच होत नाही, मग बाटली कितीही महाग असो.

पहिलं काम, जागा नक्की शोधा. नाकावर विसंबू नका, पाच मिनिटं त्या खोलीत राहिलं की नाक सरावतं आणि मग सगळीकडेच वास येतोय असं वाटायला लागतं किंवा कुठेच येत नाही. यूव्ही टॉर्च मिळते ती घ्या, 365 नॅनोमीटरची मिळाली तर उत्तम, 395 ची पण चालते. रात्री लाईट बंद करून, पडदे ओढून जमिनीच्या जवळून फिरवा. लघवीचे डाग पिवळट हिरवट चमकतात. लक्षात ठेवा की डिटर्जंटचे डाग पण चमकतात, म्हणून जिथे चमकेल तिथे वाकून वास घ्या आणि खात्री झाली की लगेच खडूने गोल करा. लाईट लावल्यावर काहीही दिसत नाही आणि मग अंदाजाने घासणं सुरू होतं. गोल करताना डागापेक्षा वीतभर मोठा करा.

भिंतीचा पायथा, दाराची चौकट, जमिनीतल्या भेगा, दोन स्लॅबमधले सांधे, हे सगळं नीट बघा. बोका उभ्या भिंतीवर फवारा मारतो, तो ओघळून खाली भिंत आणि जमीन मिळते त्या सांध्यात जाऊन बसतो, आणि आपण मात्र खोलीच्या मधोमध घासत बसतो. लाकडी स्कर्टिंग असेल तर ते काढून मागे बघा. प्लास्टर पण शोषून घेतं, त्यामुळे खालची फूटभर भिंत टॉर्चने बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

यूव्हीने कळलं नाही तर एक साधी ट्रिक आहे. संशय असलेल्या जागी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी एक कोपरा उचलून लगेच त्याखाली नाक न्या. जमिनीतून वास येत असेल तर तो त्या प्लास्टिकखाली साठलेला असतो आणि एकदम भपकारा येतो. असे दोन तीन तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी लावले की तुलना करता येते. ही ट्रिक शेवटी पण लागणार आहे, त्यामुळे प्लास्टिक टाकून देऊ नका.

आता पाण्याचा थेंब. हे अजिबात सोडू नका. खडूच्या गोलात चमचाभर पाणी टाका आणि बघत बसा. मिनिटा दोन मिनिटांत जमीन काळपट पडली आणि पाणी आत गेलं तर जमीन उघडी आहे, म्हणजे औषध आत जाईल. पाणी थेंब थेंब होऊन वरच राहिलं तर वर कसलं तरी कोटिंग आहे, जुना पेंट, पॉलिश, सीलर काहीतरी. आणि इथेच खूप जणांचं गणित चुकतं. शू कोटिंगच्या बारीक भेगांमधून आत गेलेली असते, औषध मात्र वरच राहतं आणि वाळून जातं. मग "मी सगळं केलं पण काही उपयोग नाही" असं होतं. कोटिंग असेल तर ते आधी खरवडून काढावंच लागतं, दुसरा रस्ता नाही.

मग धुणं. फक्त कोमट पाणी घ्या, कडकडीत गरम नको, आणि सुरुवातीला साबण, फिनाईल, ब्लीच काहीही नको. उलट आधी जे जे टाकलं असेल ते सगळं निघून जायला हवं, कारण त्याचा अंश राहिला तर पुढचं एन्झाईम तिथे काम करत नाही. पाणी ओतून जरा वेळ राहू द्या, मग ओलं खेचणारं व्हॅक्युम मिळालं तर त्याने ओढून घ्या. नुसत्या वायपरने ढकललं की घाण पाणी एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं आणि तिथे मुरतं. व्हॅक्युम नसेल तर जाड जुने टॉवेल टाकून त्यावर उभं राहा, टॉवेल पिळा, परत टाका. वेळ लागतो पण निघतं. व्हॅक्युमच्या टाकीत किंवा टॉवेलमधून येणारं पाणी बघा, पहिल्यांदा पिवळट आणि वास मारणारं येतं, दोन तीन वेळा केलं की साफ यायला लागतं. साफ येईपर्यंत थांबू नका.

आता मुख्य औषध. पेट युरिनसाठी एन्झाईम किंवा बॅक्टेरियावाला क्लीनर मिळतो तो घ्या, पण लेबल वाचा, बरेचसे नुसते सेंट असतात. एन्झाईम हे प्रोटीन आहे, ते त्या घाणीचे तुकडे करतं, पण त्याला तीन गोष्टी लागतात: ओलावा, वेळ, आणि फार अल्कलाईन (क्षारीय) नसलेली जागा. ताज्या सिमेंटचा पीएच (क्षारीयपणा मोजायचा आकडा, 7 म्हणजे मध्यम) 12 ते 13 असतो, म्हणजे जमीन नवीन असेल तर एन्झाईमला तिथे काम करणं अवघड जातं. जुन्या जमिनीचा वरचा थर हवेतल्या कार्बन डायॉक्साईडमुळे बराच सौम्य झालेला असतो, तरी आधी पाण्याने दोन तीनदा धुतलेलं बरं.

ओतायचं किती, तर शू जेवढी गेली असेल त्यापेक्षा जास्त. स्प्रे करून काही होत नाही. खडूच्या पूर्ण गोलात ओता, जमीन चकचकीत ओली दिसली पाहिजे, शोषलं की परत ओता, शोषायचं थांबेपर्यंत. मग त्यावर प्लास्टिक अंथरा, कडा टेपने किंवा वजनाने दाबा, आणि रात्रभर राहू द्या. प्लास्टिक नाही घातलं तर तासाभरात वरचा थर वाळतो आणि काम तिथेच थांबतं, मला विचाराल तर निम्म्या लोकांचं अपयश या एका गोष्टीत असतं. सकाळी काढा, व्हॅक्युमने ओढा, पंखा लावून पूर्ण वाळू द्या.

आणि एक सांगून ठेवतो, पहिल्या एक दोन दिवसांत वास वाढतो. घाबरू नका आणि लगेच फिनाईल घेऊन धावू नका. आत सुकलेलं सगळं परत ओलं झालंय म्हणून वाढतो. तेवढ्यात कुणी फिनाईल ओतलं की एन्झाईमचं काम बिघडतं आणि परत पहिल्यापासून सुरुवात. वाळल्यावर वास घ्या, वाळायच्या आधी निर्णय घेऊ नका. जुनी जागा असेल तर हेच परत करावं लागतं, एकदाच झालं तर नशीब समजा.

तरी मांजराचा तो गंधकासारखा उग्र वास राहिलाच असेल तर हायड्रोजन पेरॉक्साईड, 3 टक्क्यांचं. पण एन्झाईमचं काम पूर्ण झाल्यावर, एन्झाईमसोबत एकाच वेळी नाही, कारण पेरॉक्साईड एन्झाईमला मारतं. पॉल क्रेबॉम नावाच्या केमिस्टने 1993 मध्ये स्कंकच्या (घाण वासाचा फवारा मारणारा अमेरिकेतला एक प्राणी) वासासाठी एक मिश्रण सांगितलं होतं, 3 टक्के पेरॉक्साईड साधारण लिटरभर, पाव कप खायचा सोडा आणि चमचाभर लिक्विड साबण. स्कंकचा वास पण गंधकाच्याच पदार्थांचा असतो आणि हे मिश्रण त्या पदार्थांचं ऑक्सिडेशन करून त्यांना बिनवासाचं करतं. म्हणून मांजराच्या बाबतीतही ते जुळतं. ओतलं की बारीक फेस येतो, अर्धा पाऊण तास ठेवून ओढून घ्या. हे जेवढं लागेल तेवढंच बनवा आणि लगेच वापरा, बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नका, ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते. रंगीत जमिनीचा रंग उडू शकतो, म्हणून कोपऱ्यात आधी करून बघा.

आता काय करू नये ते, आणि हे मनापासून सांगतोय कारण यात जनावरालाही धोका आहे आणि आपल्यालाही.

ब्लीच ओतू नका. लघवीत अमोनिया असतो आणि अमोनिया अधिक ब्लीच म्हणजे क्लोरामाईन वायू, छाती भरून येते, डोळे जळतात, बंद खोलीत तर हे खूप धोक्याचं. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड मिसळलं तर क्लोरीन निघतो, तो त्याहून वाईट. म्हणजे ब्लीच झालं की लगेच टॉयलेट क्लीनर असं तर अजिबात नाही. मांजर असलेल्या घरात फिनाईल पण नको, मांजराचं लिव्हर फिनॉल जातीचे पदार्थ नीट बाहेर टाकू शकत नाही, मांजर फिनाईलवरून चालतं, मग पंजे चाटतं आणि ते फिनाईल पोटात जातं. अमोनिया असलेले क्लीनर पण नकोत, त्यांचा वास लघवीसारखाच असल्याने त्याच जागी परत शू करायचं आमंत्रण मिळतं.

व्हिनेगरवर खूप जणांचा विश्वास आहे. अमोनियाचा वास त्याने तात्पुरता दबतो हे खरं, कारण अ‍ॅसिड आणि अमोनिया एकमेकांना मारतात. पण युरिक अ‍ॅसिड अ‍ॅसिडमध्ये अजूनच कमी विरघळतं, आणि व्हिनेगर सिमेंटमधल्या चुन्याला खातं, म्हणजे परत परत ओतलं तर जमीन खरबरीत होते आणि पुढची शू अजून खोल जाते. व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतून फसफस बघायला छान वाटतं, पण ते दोघं एकमेकांतच संपतात, उरतं खारं पाणी. आणि म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड (हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड) घरच्या घरी वापरायचा विचार सोडूनच द्या.

हे सगळं करून जमीन वाळली की सीलिंगचा विषय येतो. आमच्या मागच्या खोलीत हेच झालं होतं, आधी राहणाऱ्यांची कुत्री तिथे झोपायची, आणि ज्याने रंग लावून दिला त्याने नुसतं झाडून त्यावर जाड पेंट मारला होता. वरून जमीन चकाचक, पण सांध्यापाशी पोपडे धरलेले, नखाने एक पोपडा उचलला तर खाली पिवळट पांढरी भुकटी आणि वासाने डोळ्यांत पाणी. आत घाण आणि ओल ठेवून वरून बंद केलं की कोटिंग धरतच नाही, खालून ढकललं जातं आणि कडेने वास येत राहतो. तो सगळा पेंट खरवडून, भुकटी ओढून घेऊन, मग वर सांगितलेलं सगळं केल्यावर ती खोली राहण्यासारखी झाली.

म्हणून सील करायच्या आधी ओल तपासा. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही बाजूंनी घट्ट टेप करून कमीत कमी 16 तास ठेवा. काढल्यावर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब किंवा खालची जमीन काळपट दिसली तर अजून थांबा. थेंब दिसत राहिले आणि जमीन महिनाभर वाळवूनही फरक पडत नसेल तर ओल खालून जमिनीतून येतेय, तो वेगळा प्रॉब्लेम आहे, तो सोडवल्याशिवाय वासही जाणार नाही. आणि हो, तोच प्लास्टिकचा तुकडा उचलताना वास पण घ्या. वास आला तर सील करू नका, एन्झाईमची अजून एक फेरी.

सीलर निवडताना लोक गोंधळतात. सिलेन किंवा सिलॉक्सेनवाले आत मुरणारे सीलर पुढच्या शूला आत जाऊ देत नाहीत पण जमीन श्वास घेत राहते, म्हणजे आत वास उरला असेल तर तो अडत नाही. इपॉक्सी, पॉलियुरेथेन हे वर थर धरतात. आत थोडा वास राहिलाय आणि तो कोंडायचाय असं असेल तर शेलॅकवाला (लाखेचा) प्रायमर खाली आणि वर इपॉक्सी, हे जास्त खात्रीचं. भेगा आणि सांधे आधी भरून घ्या, नाहीतर थर बाकी सगळीकडे छान बसतो आणि शू सरळ भेगेतून खाली. नवीन ओतलेली जमीन असेल तर साधारण 28 दिवस होईपर्यंत कोटिंग नको. कोटिंग करताना आणि ते पूर्ण वाळेपर्यंत जनावरं त्या खोलीत नकोत.

एवढं करूनही एखादी जागा ऐकत नसेल, वर्षानुवर्षं तिथेच झालेलं असेल, तर वरचा काही मिलिमीटरचा थर डायमंड ग्राइंडरने काढावा लागतो. हे काम जाणकार माणसाकडून करून घ्या, पाणी मारत किंवा धूळ ओढणारं मशीन लावून आणि चांगला मास्क घालून, सिमेंटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसांना वाईट. त्याच्याही पुढे म्हणजे तेवढा तुकडा फोडून नवीन कोबा करणं. वाटतं तेवढं मोठं काम नाही ते, आणि छोट्या जागेसाठी कधी कधी तेच सगळ्यात कमी त्रासाचं असतं.

आणि जमिनीआधी एकदा जनावराकडे बघा. बाहेर जायची सवय असलेला कुत्रा अचानक घरात शू करायला लागला, नसबंदीचं ऑपरेशन झालेली कुत्री झोपेत ओली होत असेल, मांजर ट्रे सोडून भलतीकडे बसत असेल, तर आधी डॉक्टर. लघवीचा इन्फेक्शन, डायबेटिस, किडनी, काहीही असू शकतं. बोका परत परत बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाहीये, तर ती इमर्जन्सी आहे, तासाभराचा पण उशीर नको, लघवीचा मार्ग बंद झाला तर जीव जातो. फवारे मारणाऱ्या बोक्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालं की बहुतेकांचं ते कमी होतं. घरात मांजरं जेवढी, त्यापेक्षा एक ट्रे जास्त ठेवा आणि तो रोज साफ करा.

कुणाची जमीन आधीच पेंट केलेली असेल तर खाली लिहा, कोणता पेंट आहे आणि पाण्याचा थेंब किती वेळात मुरतो ते सांगा, म्हणजे काय खरवडायचं आणि काय ठेवायचं ते नीट बघता येईल.